अपुऱ्या दिवसांचं बाळ आणि श्वासाचं यंत्र



"बाळाला मशीनवर ठेवलंय." जिल्ह्याच्या दवाखान्यात बाहेरच्या बाकावर बसलेल्या माणसांच्या कानावर हे शब्द पडले की सगळ्यांचे चेहरे उतरतात. आजी डोळ्यांना पदर लावते, बाप खिसा चाचपतो, आणि गावाकडून सोबत आलेला कुणीतरी जाणता माणूस हलक्या आवाजात म्हणतो, "मशीनवर गेलं म्हणजे आटोपलंच. आता घरी न्या." त्याच्या मनात वाईट काही नसतं. परंतु त्या एका वाक्यावर जगू शकणारं बाळ घरी नेलं जातं, आणि वाटेतच जातं.

म्हणून आज या यंत्राविषयीच बोलायचं आहे. ते काय करतं, काय करू शकत नाही, त्याच्यापासून धोका कोणता, आणि आपल्या हातात काय आहे, एवढं या भाषणात सांगता आलं तर पुष्कळ झालं.

आधी दिवसांचा हिशेब करू. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजलं तर गर्भाचे पूर्ण दिवस साधारण ४० आठवडे. ३७ आठवडे पुरे होण्याआधी जन्मलेलं ते अपुऱ्या दिवसांचं बाळ. आपल्याकडे एक समजूत फार जुनी आहे: सातव्या महिन्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही. ही समजूत साफ चूक आहे. पोटात घालवलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या बाजूनेच उभा राहतो. आठव्या महिन्याच्या बाळाचं बळ सातव्या महिन्याच्या बाळापेक्षा नेहमी जास्तच. असं असताना केवळ "अठमाशी आहे, राहायचं नाही" म्हणून ज्या बाळाची आशा सोडली, ते बाळ दिवसांमुळे नाही, आपल्या समजुतीमुळे गेलं, असं म्हणावं लागेल.

आता श्वासाकडे वळू. आईच्या पोटात बाळ हवा घेत नाही. त्याला लागणारा प्राणवायू वारेतून आणि नाळेतून येतो. त्याची फुप्फुसं त्या वेळी हवेने नाही, पाण्यासारख्या द्रवाने भरलेली असतात. जन्माच्या क्षणी बाळ पहिला टाहो फोडतं तेव्हा काही मिनिटांत एवढा मोठा बदल घडतो की तसा पुढे जन्मभर कधी घडत नाही. द्रव शोषला जातो, हवा आत शिरते, आणि फुप्फुसातल्या अतिशय बारीक पिशव्या, ज्यांना आपण वायुकोश म्हणतो, त्या उघडतात. प्राणवायू रक्तात मिसळायचं काम याच पिशव्यांत चालतं.

या पिशव्या आतून ओलसर असतात, आणि सगळी अडचण या ओलीपाशी आहे. काचेचे दोन तुकडे पाण्याने ओले करून एकमेकांवर ठेवा आणि ओढून वेगळे करायला बघा, चिकटून बसतात. पाण्याच्या कणांना एकमेकांची ओढ फार. तीच ओढ ओल्या वायुकोशालाही आत ओढते आणि मिटवून टाकते. मग आपले वायुकोश का मिटत नाहीत? कारण निसर्गाने तिथे एक प्रकारचा साबण घातला आहे. फुप्फुसातल्या काही पेशी एक स्निग्ध पदार्थ तयार करतात. डॉक्टर त्याला सरफॅक्टंट म्हणतात. हा पदार्थ पाण्याची ओढ कमी करतो, त्यामुळे श्वास सोडल्यावरही वायुकोश थोडा उघडा राहतो.

शिक्षक बंधुभगिनींनो, हे वर्गात सहज दाखवता येईल. पपईच्या पानाचा पोकळ देठ साध्या पाण्यात बुडवून फुंका. फुगा टिकत नाही. त्याच पाण्यात थोडा साबण घाला आणि मग फुंका. मोठमोठे फुगे निघतात. मुलं हा खेळ नेहमीच खेळतात. त्यांना एवढंच सांगा, की तुमच्या छातीतही असाच साबण आहे आणि त्याच्यावाचून श्वास चालत नाही.

हा साबण बाळाच्या फुप्फुसात साधारण २४ आठवड्यांच्या सुमारास तयार व्हायला लागतो आणि पुरेसा होतो तो ३५ आठवड्यांच्या आसपास. म्हणजे २८ किंवा ३० आठवड्यांचं बाळ जन्मलं तर त्याच्यापाशी ही शिदोरी अपुरी असते. नवा फुगा फुगवताना पहिली फुंकर किती जड जाते ते आपल्याला ठाऊक आहे. पुढच्या फुंकरा सोप्या असतात, कारण फुगा पुरता मिटलेला नसतो. या बाळाचे वायुकोश मात्र दर श्वासाला मिटतात. त्यामुळे त्याचा प्रत्येक श्वास पहिल्या फुंकरीएवढा जड. निरोगी नवजात बाळ मिनिटाला ४० ते ६० वेळा श्वास घेतं. किलोभर वजनाच्या जिवाने मिनिटाला साठ वेळा नवा फुगा फुगवायचा, तर ते किती वेळ टिकणार? काही तासांत थकून जातं.

थकण्यापूर्वी ते खुणा दाखवतं. श्वास साठाच्या वर जातो. नाकपुड्या फेंदारतात. दर श्वासाला बरगड्यांच्या मधली कातडी आणि छातीखालचा भाग आत ओढला जातो. ओठ, जीभ निळसर दिसू लागतात. आणि श्वास सोडताना बाळ कण्हल्यासारखा बारीक आवाज काढतं. घरातली माणसं म्हणतात, कुंथतंय, पोटात दुखत असेल, घुटी द्या. श्रोतेहो, ते पोटाचं दुखणं नव्हे. बाळ आपला घसा अर्धवट मिटून, आत घेतलेली हवा पुरती बाहेर जाऊ नये म्हणून धरून ठेवत असतं. वायुकोश मिटू नयेत म्हणून चाललेली ती त्याची स्वतःची धडपड असते. ही खूण ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं शास्त्र या कण्हण्यातून निघालं आहे.

बाळाच्या फुप्फुसात हा स्निग्ध पदार्थ कमी असतो म्हणून ते दगावतं, हे १९५९ साली अमेरिकेत मेरी एलन एव्हरी या डॉक्टरीणबाईंनी आणि त्यांचे सहकारी जेरे मीड यांनी दाखवून दिलं. तोवर लोक फुप्फुसात काय जास्त झालं ते शोधत होते. काय कमी पडलं ते या दोघांनी शोधलं. तरीही उपाय हाती यायला वेळ लागला. १९६३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांना मुलगा झाला. सुमारे साडेपाच आठवडे आधी जन्मलेला, वजन दोन किलोच्या थोडं वर. देशातले उत्तमोत्तम डॉक्टर धावले, पण दोन दिवसांत ते बाळ याच दुखण्याने गेलं. पैसा, सत्ता, काहीच उपयोगी पडलं नाही, कारण ज्ञानच अपुरं होतं. आज एवढ्या दिवसांचं आणि एवढ्या वजनाचं बाळ बहुधा वाचतं. साध्या कुटुंबातलं, सरकारी दवाखान्यातलंही वाचतं.

हा फरक कशाने पडला? १९७१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या जॉर्ज ग्रेगरी या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचार केला, की बाळ कण्हून जे करायला बघतंय तेच आपण त्याच्यासाठी केलं तर? त्यांनी श्वासमार्गात सतत थोडासा दाब राहील अशी व्यवस्था केली. पहिल्या २० बाळांपैकी १६ जगली. या पद्धतीला दवाखान्यात सीपॅप म्हणतात. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी तिचं बुडबुड्यांचं रूप वापरतात, आणि ते इतकं साधं आहे की ऐकून नवल वाटेल. बाळाच्या नाकात दोन मऊ, आखूड नळ्या बसवतात. त्यांतून ऊबदार, दमट हवा आणि जरूर तेवढा प्राणवायू वाहतो. ही हवा ज्या नळीवाटे बाहेर पडते, तिचं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलेलं असतं. पाच सेंटिमीटर बुडवलं तर पाच सेंटिमीटर पाण्याएवढा दाब बाळाच्या छातीत राहतो. सहा बुडवलं तर सहाएवढा. शहाळं प्यायची नळी पाण्याच्या पेल्यात आधी थोडी आणि मग खोल बुडवून फुंकून पाहा, जोर कुठे जास्त लागतो ते लगेच कळेल. बाटलीत बुडबुडे येत आहेत याचा अर्थ दाब टिकून आहे.

इथे श्वास बाळ स्वतःच घेतं. यंत्र फक्त दार पुरतं बंद होऊ देत नाही. पुष्कळ बाळांना एवढाच आधार पुरतो.

काहींना मात्र पुरत नाही. फार लवकर जन्मलेल्या बाळाच्या मेंदूतलं श्वासाचं केंद्रही कच्चं असतं. ते वीस-वीस सेकंद श्वास घ्यायचंच विसरतं. काही बाळं थकून गेलेली असतात. अशा वेळी व्हेंटिलेटर लागतो. लोक 'मशीन' म्हणतात ते प्रामुख्याने हेच.

व्हेंटिलेटर म्हणजे एका अर्थी लोहाराचा भाता. आपण श्वास घेतो तेव्हा छाती फुगवून हवा आत ओढून घेतो. भाता हवा आत ढकलतो. ही ढकलण्याची रीत कशी रुळली, ती हकिकत शिक्षकांना आवडेल. १९५२ साली डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात पोलिओची मोठी साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडून माणसं मरू लागली आणि यंत्रं थोडी. तेव्हा बियॉर्न इब्सेन या डॉक्टरांनी सुचवलं, की घशाखाली श्वासनलिकेत नळी घालून रबरी पिशवी हाताने दाबत राहावं. दाबणार कोण? सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळ्या लावून, रात्रंदिवस, कित्येक महिने रोग्यांच्या उशाशी बसून पिशव्या दाबत राहिले. दगावणाऱ्यांचं प्रमाण झपाट्याने उतरलं. त्या विद्यार्थ्यांच्या हातांचं काम पुढे यंत्रांनी उचललं.

परंतु लहानग्याचा भाता फार नाजूक बेताने चालवावा लागतो. एक किलोच्या बाळाचा एक श्वास म्हणजे चार ते सहा मिलिलिटर हवा; चहाचा एक चमचा भरेल एवढीच. नळीच्या आतली रुंदी अडीच मिलिमीटर. ती तोंडावाटे किंवा नाकावाटे श्वासनलिकेत बसवतात. यंत्र साधारण १५ ते २० सेंटिमीटर पाण्याएवढ्या दाबाने हवा आत सोडतं, तेही सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा वेळ; मग दाब उतरतो, पण शून्यावर येऊ देत नाहीत, पाचाच्या आसपास धरतात, म्हणजे वायुकोश मिटत नाहीत. असं मिनिटाला चाळीसेक वेळा. हल्लीच्या यंत्रांना बाळाने स्वतः श्वास ओढायला घेतला की कळतं, आणि ती त्याच क्षणी हात देतात. झोपाळ्यावरच्या मुलाला आपण झोक्याच्या बेताने ढकलतो ना, तसंच.

याच नळीतून दुसरा एक उपाय करता येतो. जपानचे तेत्सुरो फुजिवारा यांनी १९८० मध्ये गाईच्या फुप्फुसापासून तयार केलेला तो स्निग्ध पदार्थ थेट बाळांच्या फुप्फुसात सोडला, आणि गुण आला. आज हे औषध मोठ्या दवाखान्यांत मिळतं. ज्या साबणाची उणीव, तोच बाहेरून द्यायचा.

तर मग 'मशीनवर गेलं म्हणजे आटोपलं' हे खरं नव्हे. नव्या भिंतीवर स्लॅब टाकला की तो वाळेपर्यंत खाली टेकू लावतात. टेकू लावला म्हणजे घर पडणार असं कुणी म्हणत नाही. यंत्र हे बाळाचं दुखणं बरं करत नाही. बाळाचं स्वतःचं फुप्फुस तयार होईपर्यंत ते वेळ मिळवून देतं. कुणाला दोन दिवस लागतात, कुणाला काही आठवडे.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. जो भाता तारतो तोच बेताल चालला तर मारतोही. दाब किंवा हवा जास्त झाली तर कोवळं फुप्फुस फाटतं किंवा कायमचं दुखावतं. नळीवाटे जंतू शिरतात. म्हणून डॉक्टरांची धडपड बाळाला यंत्रावरून लवकरात लवकर उतरवायची असते, आणि शक्यतो नाकातल्या नळ्यांवरच भागवायची असते.

तीच गोष्ट प्राणवायूची. नातेवाईक कळवळून म्हणतात, "डॉक्टरसाहेब, ऑक्सिजन पूर्ण सोडा, कमी पडू देऊ नका." १९४० नंतरच्या दहा-बारा वर्षांत पाश्चात्त्य देशांत नेमकं हेच केलं गेलं. बाळं जगली, पण त्यांतली हजारो आंधळी झाली. प्रख्यात अमेरिकन गायक स्टीव्ही वंडर हे १९५० साली अपुऱ्या दिवसांचे जन्मले आणि त्यांची दृष्टी अशीच गेली. डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या या बाळांत अजून वाढत असतात; जादा प्राणवायूने त्यांची वाढ बिघडते. १९५१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या केट कॅम्पबेल यांनी याकडे बोट दाखवलं आणि पुढे अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीने ते पक्कं झालं. मग प्राणवायू एकदम आखडता घेतला, तर काही बाळं त्याच्या अभावी गेली. म्हणून आज बाळाच्या पायाला छोटा दिवा लावून रक्तातला प्राणवायू सतत मोजतात आणि तो साधारण ९० ते ९५ टक्क्यांमध्ये ठेवतात. आकडा शंभर नाही म्हणून सिस्टरशी भांडू नका. शंभर न ठेवण्यातच बाळाच्या डोळ्यांची राखण आहे.

आणि इथेच एक गोष्ट माझी विनवणी म्हणून ऐका. ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दोन किलोहून कमी वजनाच्या बाळाचे डोळे, जन्मापासून तीस दिवसांच्या आत, पडद्याच्या डॉक्टरांकडून तपासून घ्यायलाच हवेत. फारच लहान बाळाचे त्याहून आधी. डोळे वरून छान दिसतात, टपोरे दिसतात, म्हणून माणसं ती तारीख चुकवतात. घर दूर, एसटीचा खर्च, पेरणीचे दिवस, कारणं खरीच असतात. परंतु वेळेवर कळलं तर लेझरने दृष्टी वाचवता येते. दोन-तीन महिन्यांनी कळलं तर बहुधा येत नाही. श्वास वाचवून आणलेलं मूल डोळ्यांनी जायला नको. दवाखान्यातून सुटताना ती तारीख कागदावर लिहून मागा, आणि आशाताईंनाही सांगून ठेवा.

आता आपल्या हातात काय, ते सांगतो. पहिलं, दिवस भरण्याआधी कळा आल्या, पाणी गेलं किंवा रक्त गेलं तर घरी वाट पाहू नका. १०२ किंवा १०८ नंबरला फोन करून बाळांची व्यवस्था असलेल्या दवाखान्यात आईला न्या. बाळ जन्मल्यावर त्याला नेण्यापेक्षा पोटात असताना नेणं केव्हाही बरं. आईच्या पोटाएवढी सुरक्षित गाडी माणसाने अजून बनवलेली नाही.

दुसरं, वेळेवर पोचलात तर आईला एक इंजेक्शन देता येतं, त्याने बाळाचं फुप्फुस लवकर पिकतं. न्यूझीलंडचे लिगिन्स मेंढ्यांवर वेगळ्याच गोष्टीचा अभ्यास करत होते. जगायला नको इतक्या लवकर जन्मलेलं एक कोकरू श्वास घेताना त्यांना दिसलं. औषधाने त्याचं फुप्फुस पिकलं असावं हे त्यांनी ओळखलं, आणि हाउई या बालरोगतज्ज्ञांबरोबर आयांना ते औषध देऊन १९७२ मध्ये ते सिद्ध केलं. २४ ते ३४ आठवड्यांमध्ये बाळंतपण होईलसं दिसलं तर डॉक्टर हे देतात. स्वस्त औषध आहे, पण ते बाळंतपणाआधी द्यावं लागतं. दिवसभराचा अवधी मिळाला तर उत्तम.

तिसरं, ऊब. गार पडलेल्या बाळाचा श्वास आणखी बिघडतो. जन्मल्यावर कोरडं पुसा, टोपडं घाला, आंघोळ घालू नका, आणि आईच्या उघड्या छातीशी कातडीला कातडी लावून ठेवा. १९७८ मध्ये कोलंबिया देशात बोगोटा इथे, पेट्यांची टंचाई होती म्हणून, ही रीत सुरू झाली. आता साऱ्या जगाने ती उचलली आहे. आई आजारी असेल तर बापाची छातीही चालते, बरं का.

चौथं, आईचं दूध. बाळ यंत्रावर असलं तरी आईने दूध काढत राहावं. ते नळीने थेंबथेंब देता येतं. आईला दूध कमी असेल तर दुसऱ्या आयांचं तपासलेलं दूध मिळू शकतं. आशियातली पहिली दूधपेढी १९८९ मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. घुटी, मध, गाईचं दूध यातलं काही देऊ नये. आणि बाळाला हात लावण्याआधी प्रत्येकाने साबणाने हात धुवावेत.

पाचवं, पैशाची भीती. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यात आजारी नवजात बाळाचे उपचार, औषधं आणि नेण्या-आणण्याची गाडी मोफत आहे. हे ठाऊक नसल्याने बाळ घरी नेऊ नका.

शिक्षकांकडे मागणं एवढंच. पालकसभेत दहा मिनिटं या विषयाला द्या. मुलींची लग्नं अठराच्या आत होऊ देऊ नका. कोवळ्या वयातली आई आणि अपुऱ्या दिवसांचं बाळ यांचं नातं जवळचं आहे. अंगात रक्त कमी असणं, वाढलेला रक्तदाब, लघवीचा दाह, दोन बाळंतपणांत थोडं अंतर, जुळं, अशी इतरही कारणं आहेत. आणि पुष्कळदा काहीच कारण सापडत नाही. म्हणून "तू जड उचललंस, तू ग्रहणात बाहेर गेलीस" असं म्हणून त्या माउलीला बोल लावू नका. ती आधीच अर्धी झालेली असते.

सगळीच बाळं वाचतात असं नाही. फार लवकर आलेली काही बाळं यंत्र, औषध, माणसांची मेहनत, सगळं असूनही जातात. ते दुःख कोणत्याही भाषणाने हलकं होणार नाही. परंतु जी वाचू शकतात ती आपल्या घाईमुळे किंवा समजुतीमुळे जाऊ नयेत. तेव्हा डॉक्टरांना विचारा: बाळाला आज दाब किती, प्राणवायू किती, कालच्यापेक्षा कमी लागतोय की जास्त? तुम्हाला हे विचारण्याचा हक्क आहे, आणि रोजचं उत्तर ऐकत गेलात तर बाळ कोणत्या बाजूला चाललंय ते तुमचं तुम्हालाच समजू लागेल. घरी न्यायचं की थांबायचं, हा निर्णय त्या उत्तरावर घ्या, बाकावरच्या कुजबुजीवर घेऊ नका.